पाळी गेल्यावर लघवीचा त्रास: हार्मोनची गोळी की मलम?

गटप्रवर्तक_केज

आशाताईंच्या बैठकीत दर महिन्याला हाच विषय निघतोय, म्हणून धागा काढला. पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेल्या बाया सांगतात की उन्हाळी लागते, जळजळ होते, खोकलं की थेंब सुटतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. मेडिकलवरून सिरपची बाटली अन् चार गोळ्या आणल्या की आठवडाभर बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता गावात बोलवा झालाय की "पाळी गेली म्हणून होतंय, हार्मोनच्या गोळ्या घ्या." हार्मोननं लघवीचा त्रास खरंच जातो का? कोणतं, किती, कसं घ्यायचं? आणि गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायांचं काय? आमच्या ऊसतोडीच्या गावांत त्याच जास्त. बैठकीत वाचून दाखवता येईल असं लिहा, मोघम नको.

स्त्रीरोग_लातूर

ताई, आधी गोळी आणि मलम यांची फारकत करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पोटातून घ्यायची हार्मोनची गोळी गरम वाफा, घाम, उडालेली झोप आणि हाडं यांच्यासाठी असते. नुसत्या लघवीच्या तक्रारीसाठी ती देत नाहीत, कारण थेंब सुटायचा त्रास ती उलट वाढवू शकते. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे याबद्दलचे आकडे २००५ साली आले. ज्या बायांना आधी लघवी सुटत नव्हती, त्यांच्यात वर्षभराच्या गोळ्यांनंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटायचं प्रमाण नुसत्या इस्ट्रोजेनवर (अंडाशयातून येणारं मुख्य हार्मोन) दुपटीच्या वर गेलं. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन) जोडीवर ते पावणेदोन पटीच्या पुढं होतं. ही तुलना औषध नसलेली रिकामी गोळी घेणाऱ्या बायांशी होती.

योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम किंवा तिथेच ठेवायची बारीक गोळी ही गोष्ट निराळी. योनी, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ या तिन्ही ठिकाणी इस्ट्रोजेनचं काम चालतं. पाळी गेल्यावर ते आटलं की अस्तर पातळ होतं. त्या अस्तरातल्या साखरेवर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात, आम्लता जाते आणि शौचाच्या जागेचे ई. कोलाय जंतू पुढं सरकून मूत्रमार्गापाशी ठाण मांडतात. मलमानं अस्तर पुन्हा भरतं, आम्लता परत येते. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या ९३ बायांवरचा १९९३ चा अभ्यास आजही पायाचा धरतात. एस्ट्रिऑल मलम लावणाऱ्या गटात वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्या गटात ५.९ वेळा. योनीचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) महिन्याभरात ५.५ वरून ३.८ वर आला. २०१९ पासून अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेतही पाळी गेलेल्या बाईला वारंवार संसर्ग होत असेल तर योनीमार्गाचं इस्ट्रोजेन सुचवावं असं आहे. वारंवार म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, आणि तेही कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सिद्ध झालेलं.

मात्रा: एस्ट्रिऑल मलम १ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम असेल तर एका वेळी अर्धा ग्रॅम. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ सोमवारी आणि गुरुवारी. इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची गोळी असेल तरी तोच क्रम. कोरडेपणा दोन-तीन आठवड्यांत कमी होतो, पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक बाया दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ट्यूब फेकतात. बऱ्या झाल्या की बंद करतात, मग काही महिन्यांत त्रास परत. हे चालू ठेवायचं औषध आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

गर्भाशय असलेल्या बाईनं या कमी मात्रेसोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी घ्यायची गरज नाही. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेत असेल तर मात्र प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं.

एक अट पक्की. पाळी गेल्यावर वर्षानं किंवा नंतर कधीही अंगावरून रक्त गेलं, नुसता डाग लागला तरी, मलमाआधी सोनोग्राफी. अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा तपासायला पाठवतात. लघवीतून रक्त दिसलं तर तोही वेगळा तपास, "उन्हाळीच असेल" म्हणून सोडायचं नाही.

परभणी_फार्मसी

डॉक्टरताईंनी मात्रा सांगितली, आता ट्यूबचा हिशोब. १५ ग्रॅमची ट्यूब घ्या. १४ रात्री अर्धा ग्रॅम म्हणजे ७ ग्रॅम. उरले ८ ग्रॅम, म्हणजे १६ वेळा, म्हणजे आठ आठवडे. एक ट्यूब अडीच महिने पुरायला हवी. महिन्यात संपली तर बाई जास्त लावतेय, चार महिने पुरली तर चुकवतेय. आशाताईंना ट्यूब हातात घेऊन हे लगेच कळेल.

ट्यूबसोबत प्लास्टिकची नळी येते. ट्यूबच्या तोंडावर नळी फिरवून बसवायची, दट्ट्या आत सरकवलेला ठेवायचा आणि ट्यूब दाबत मलम खुणेपर्यंत येऊ द्यायचं. खूण प्रत्येक कंपनीची वेगळी, आतला कागद बघून एकदा पेनानं ठळक करून द्या. नळीचा तिटकारा असेल तर बोटही चालतं. बोटाच्या शेवटच्या पेऱ्यावर टोकापासून रेघेपर्यंत मलमाची जी पट्टी बसते ती साधारण अर्धा ग्रॅम. नळी गरम पाण्यात उकळायची नाही, वाकडी होते. कोमट पाणी अन् साबण बास.

आता सिरपबद्दल. लघवीची जळजळ थांबवणारं सायट्रेटचं सिरप लघवी अल्कधर्मी करतं. नायट्रोफ्युरँटॉइन ही जंतू मारणारी गोळी आम्लधर्मी लघवीत नीट काम करते. म्हणजे दोन्ही एकत्र दिलं की सिरप त्या गोळीचा जोर कमी करतं. एकाच पिशवीत दोन्ही हातावर ठेवणारी दुकानं आजही आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, पाच दिवस हा नेहमीचा डोस, तोही चिठ्ठीवरच. किडनी कमजोर असेल तर चालत नाही, म्हणून क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं नाही. ताप, थंडी अन् कुशीत कळ असेल तर संसर्ग किडनीपर्यंत पोचलाय. तिथं ही गोळी पुरत नाही, दवाखाना गाठायचा.

गटप्रवर्तक_केज

ट्यूबचा हिशोब उत्तम. एक विचारते, मलम किती आत घालायचं? काही बाया घाबरून नुसतं बाहेरच लावतात, काही नळी पूर्ण आत ढकलतात.

स्त्रीरोग_लातूर

लघवीच्या त्रासासाठी फार खोल नको. रात्री झोपताना पाठीवर पडून, गुडघे मुडपून, नळी बोटाच्या दोन पेऱ्यांइतकी आत. शिवाय वाटाण्याएवढं मलम बोटानं लघवीच्या तोंडाभोवती. खोल ढकललं तर औषधाचा ओघ गर्भाशयाकडं जास्त जातो, मूत्रमार्गाकडं कमी. पहिल्या आठवड्यात थोडी आग होते, कारण अस्तर सोललेल्यासारखं असतं. आठवडाभरानंही आग कमी झाली नाही तर दाखवून घ्या. मलमाच्या आधारद्रव्याचा त्रास होत असेल तर बारीक गोळीवर जाता येतं.

माजलगावकर

वाचतोय. पण ट्यूबच्या आतल्या कागदावर कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी, सगळं लिहिलेलं असतं. आमच्याकडं लेकी-सुना तो कागद वाचून सासूला औषध बंद करायला लावतात. त्यांना काय सांगायचं?

स्त्रीरोग_लातूर

भाऊ, तो इशारा गोळ्यांच्या अभ्यासातून आला आणि सगळ्या इस्ट्रोजेनवर सरसकट छापला गेला. योनीमार्गाच्या कमी मात्रेत रक्तातली पातळी पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीच्या आसपासच राहते. त्याच विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये योनीमार्गाचं इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, कर्करोग किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, हा चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. आपल्याकडच्या खोक्यातला कागद जुनाच राहील, म्हणून घरच्यांना समोर बसवून समजावलेलं बरं.

अपवाद ठळक सांगते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेत किंवा चालू आहेत, त्यांना आधी बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर, दर तीन दिवसांनी. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इस्ट्रोजेनच्या ट्यूबला हात लावायचा नाही. त्या गोळ्यांचं सगळं काम शरीरातलं इस्ट्रोजेन खाली ठेवण्यावर चालतं.

लॅब_जालना

माझा मुद्दा नमुन्याचा. "लघवीत पस सेल्स (पांढऱ्या पेशी) आलेत" एवढ्यावर अँटिबायोटिक चालू होतं. पाळी गेलेल्या बाईच्या योनीचं अस्तर सुजलेलं असतं, तिथल्या पांढऱ्या पेशी लघवीच्या धारेत मिसळतात आणि रिपोर्ट बिघडतो. रिपोर्टमध्ये पस सेल्सच्या खाली एपिथेलिअल, म्हणजे कातडी-अस्तराच्या, पेशी बघा. त्या भरपूर असतील तर नमुना बाहेरच्या स्रावानं खराब झालाय, पुन्हा घ्या.

घ्यायची रीत: साध्या पाण्यानं पुढून मागं धुवायचं, साबण नको. एका हातानं योनीचे ओठ बाजूला धरायचे. पहिली धार सोडून द्यायची, मधली थेट निर्जंतुक डबीत, शेवटची पुन्हा सोडून. घरच्या औषधाच्या बाटलीत आणलेली लघवी कल्चरला घेऊ नये. डबी दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तेही २४ तासांच्या आत. मे महिन्यात एसटीच्या टपावरून तीन तास आलेल्या डबीत जंतू वाढून रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. अँटिबायोटिकची पहिली गोळी डबी दिल्यानंतर, आधी नाही.

आणि त्रास काहीच नसताना कल्चरमध्ये जंतू निघाले तर औषध द्यायचं नसतं. म्हाताऱ्या बायांत हे फार आढळतं. मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

वैद्यकीय_अधिकारी_बीड

पिशवी काढलेल्या बायांवर लिहितो, कारण आपल्या भागात या धाग्याचा अर्धा भार तोच आहे. २०१९ च्या शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या बऱ्याच जणींना तिशी-चाळिशीतच पाळी बंद झालेली, आणि तक्रार काय तर "लघवी धरवत नाही."

पहिला प्रश्न असा की अंडाशय राहिलेत की तेही काढलेत. बाईला हे बहुधा सांगितलेलंच नसतं. डिस्चार्ज कार्ड मागा. त्यावर "टीएएच" एवढंच असेल तर पोटावाटे फक्त गर्भाशय काढलंय. पुढं "बीएसओ" असेल तर दोन्ही अंडाशयंही गेलीत. कार्ड नसेल तर तुकडा तपासणीचा रिपोर्ट, तोही नसेल तर सोनोग्राफी आणि रक्तातलं एफएसएच, म्हणजे अंडाशयं थकली की वाढणारं हार्मोन.

दोन्ही अंडाशयं ४५ च्या आत गेली असतील तर इथं चित्र उलटतं. ही बाई लघवीसाठी नाही, तर हाडं आणि हृदयासाठी पोटातून किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्टीवाटे इस्ट्रोजेन घ्यायला पात्र आहे, साधारण पन्नाशीपर्यंत. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, यकृताचा आजार असं काही नसेल तर. गर्भाशय नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. लघवीसाठी मलम तरीही वेगळं. गोळी चालू आहे म्हणून खालचा कोरडेपणा जातोच असं नाही. अंडाशयं शिल्लक असली तरी पिशवी काढल्यावर ती वेळेआधी थकू शकतात, तेव्हा वाफा, घाम, कोरडेपणा विचारत राहा.

दुसरा प्रश्न त्याहून तातडीचा. लघवी कधी सुटते? खोकल्यावर, घाई झाल्यावर, की रात्रंदिवस ठिबकतच राहते? सतत ठिबकतंय, कापड कायम ओलं, आणि हे पिशवीच्या ऑपरेशननंतर सुरू झालं असेल तर मूत्राशयाला छिद्र पडून ते योनीला जोडलं गेल्याची शक्यता आहे. तिथं मलम, व्यायाम, गोळ्या सगळं निष्फळ. मूत्राशयात निळं औषध भरून योनीत कापसाचे बोळे ठेवतात, बोळा निळा झाला की निदान. इलाज ऑपरेशन. अशा बाईला गावात फिरवत न बसता अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवा.

फिजिओ_नांदेड

खोकताना सुटणाऱ्या थेंबाला मलमानं थोडाच फरक पडतो, खरा इलाज ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. वारा अडवताना जी जागा आवळतो ती आवळायची आणि वर ओढायची. सहा ते दहा सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सुरुवातीला तीन सेकंदच धरवलं तरी चालेल.

चुका ठरलेल्या असतात. श्वास रोखून धरणं, मांड्या-ढुंगण आवळणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर ओढायच्या ऐवजी कुंथणं. बाईचा हात तिच्या पोटावर ठेवायला सांगा. पोट बाहेर फुगलं तर ती कुंथतेय. लघवी करताना मध्येच धार रोखणं हा व्यायाम नाही, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही. खोकला-शिंक येण्याच्या क्षणी आणि हंडा किंवा मोळी उचलण्याच्या आधी आवळून धरायची सवय लागली की दोन-तीन आठवड्यांतच फरक कळतो.

घाई होऊन वाटेतच सुटते, त्याचं निराळं. घाई आली की पळायचं नाही. आहे तिथं थांबायचं किंवा बसायचं, पाच-सहा वेळा भराभर आवळायचं, घाईची लाट ओसरली की चालत जायचं. सध्या दर तासाला जात असतील तर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत तीन तासांपर्यंत न्यायचं, म्हणजे किमान आठ आठवडे.

अंग बाहेर येत असेल तर व्यायामाआधी तपासणी. बसवायची रिंग मिळते. ती बसवलेल्या बाईला मलमही द्यावं लागतं, नाहीतर पातळ अस्तराला रिंग घासून जखम होते.

वैद्यकीय_अधिकारी_बीड

फिजिओताईंना जोडून. तीन दिवसांची नोंदवही लिहायला लावा, मापाच्या भांड्यासकट. किती वाजता, किती मिली, सुटली का, काय प्यायलं. एका वेळी २०० ते ४०० मिली हे नेहमीचं. दर वेळी ७०-८० मिलीच होत असेल तर मूत्राशय चिडलंय किंवा नीट रिकामं होत नाही. करून आल्यावर सोनोग्राफीत दीडशे मिलीच्या वर उरत असेल तर घाई कमी करणारी गोळी द्यायची नाही, लघवी तुंबेल. दिवसभराच्या लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्रीच होत असेल तर दोष बहुधा मूत्राशयाचा नाही. पायाला सूज, रात्रीचा चहा, संध्याकाळी घेतलेली बीपीची "पाणी काढणारी" गोळी बघा. ती सकाळी घ्यावी.

शुगरच्या बायांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का विचारा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, लघवी वाढते आणि खाली बुरशीची खाज येते. त्यावर मलम चोळत बसून उपयोग नाही. गोळी मात्र परस्पर बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन या घाईच्या गोळ्यांनी तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, म्हाताऱ्या बाईला विसरभोळेपणा, आणि घाम कमी. ४२ डिग्रीत शेतात काम करणाऱ्या बाईचा घाम थांबवणं म्हणजे उष्माघाताला आवतण. मिराबेग्रॉननं घाम थांबत नाही, पण बीपी वाढू शकतं. १८०/११० च्या वर असेल तर देत नाहीत.

माजलगावकर

आणि घरगुती उपायांचं? तुरटीचं पाणी, दही, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी.

परभणी_फार्मसी

सब्जा, धने-जिरे प्या खुशाल, निदान त्या निमित्तानं पाणी पोटात जातं. शेतावर संडास नाही म्हणून बाया सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात, मग लघवी घट्ट होऊन आग होणारच. तुरटीनं धुणं बंद, आधीच कोरड्या कातडीला आणखी ओढ बसते. दही आत लावू नका. कपाटातलं अँटिसेप्टिकही नको.

सगळ्यात घातक म्हणजे खाजेसाठी मिळणारं तीन-चार औषधांचं मिश्र मलम. त्यात जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, महिनोन्‌महिने लावलं की कातडी कागदासारखी पातळ. खालच्या कातडीवर पांढरे चट्टे दिसत असतील तर तो वेगळा आजार आहे. त्याला डॉक्टर स्टेरॉइडच देतात, पण निदान करून आणि मोजून.

गटप्रवर्तक_केज

शेवटचं विचारते. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ट्यूब कुठं ठेवायची? फ्रिज नसतो. अन् ऊसतोडीला गेल्यावर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत?

परभणी_फार्मसी

खोक्यावर लिहिलेलं तापमान बघा, बहुतेकांवर २५ किंवा ३० डिग्रीच्या खाली असं असतं. पत्र्यालगतच्या फळीवर किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत नको. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा जमिनीलगत सावलीत, माठाच्या शेजारी. फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात चालेल, बर्फाच्या कप्प्यात नाही. दाबल्यावर आधी पाणी अन् मग गुठळी आली तर मलम फुटलंय, टाकून द्या. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. निघताना आठवड्याला दोनदाच्या हिशोबानं तीन ट्यूब सोबत असाव्यात: २६ आठवडे, ५२ वेळा, २६ ग्रॅम, म्हणजे दोन ट्यूब लागतात अन् एक वर. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगा, कर्नाटकातल्या दुकानात तोच कामाला येतो. त्यात मलमाचं रासायनिक नाव आणि टक्केवारी दिसली पाहिजे, नुसता ब्रँड नाही.